मुलींचा थकवा आणि रक्तक्षय

वयात येणारी मुलगी लवकर थकते, तिचे अभ्यासात लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणावरून ती चिडते आणि घरात तिला आळशी ठरविण्यात येते. पुष्कळदा याचे मूळ स्वभावात नसून रक्तात असते. रक्तातील हिमोग्लोबीन शरीरभर प्राणवायू पोहोचविते. ते तयार होण्यास लोह लागते. या वयात शरीराची वाढ झपाट्याने होते व मासिक पाळीत रक्त जाते. साहजिकच लोहाची गरज वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला.

प्रतिबंधासाठी शाळा व अंगणवाड्यांमार्फत आठवड्यास एक लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी विनामूल्य देण्यात येते. ती जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते. रक्ततपासणीत हिमोग्लोबीन १२ ग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास डॉक्टरांकडून उपचार घ्यावेत. आहारात पालेभाज्या, मटकी, अळीव असावेत. जेवणात लिंबू पिळावे. मात्र सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते मुलीने खावे, ही रीत जोवर मोडत नाही, तोवर केवळ गोळी पुरी पडणार नाही.