‘चव गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

दुसऱ्याचा अनुभव आपल्याला कळतो का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो आपण दवाखान्यात नेऊन पाहू.

वास गेलेला माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. ‘सर्दी असेल, जाईल’ म्हणून घरचेही उडवून लावतात. त्याला मात्र गॅसची गळती कळत नाही, नासलेलं दूध कळत नाही. कोविडनंतर अशी माणसं जगभर दिसू लागली. बाटल्या हुंगवून नाक किती चालतं ते मोजता येतं. जगणं किती अडलंय, हे मात्र विचारावंच लागतं. त्यासाठी ड्रेस्डेनच्या फ्रास्नेली आणि हुमेल यांनी २००५ मध्ये मांडलेली प्रश्नावली प्रसिद्ध आहे.

आता अशी प्रश्नावली अरबीत न्यायची आहे. दोघं वेगवेगळं भाषांतर करतात, मूळ न पाहिलेला तिसरा ते उलट फिरवतो, मग सगळं ताडून पाहतात. एवढ्यानं भागतं का? नाही. अरबी ‘धौक’ म्हणजे चव. पण रसिकता आणि शिष्टाचारसुद्धा. सूफी परंपरेत तर प्रत्यक्ष अनुभूतीला हाच शब्द. आपल्या ‘रुची’सारखंच की! शिवाय लिहायची अरबी एक, कैरोची बोली निराळी, कासाब्लांकाची त्याहून निराळी. आणि मुळात रुग्ण ‘चव गेली’ म्हणतो तेव्हा बरेचदा गेलेला असतो वास. गोड-खारट जिभेला कळतं. वेलदोड्याच्या कॉफीची खरी लज्जत घशामागून नाकात पोचते.

म्हणून रुग्णांनाच विचारायचं : बाबा, या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं? त्यानंतर आकडे. उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाखच्या १९५१ च्या अल्फानं पाहतात, ०.७ च्या वर असला तर साधारणपणे चालतो. काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. फार थांबलं तर मधेच वास परत यायचा, आणि दोष प्रश्नावलीच्या माथी! निरोगी आणि आजारी माणसांच्या गुणांत फरक पडतो का, तेही तपासतात.

पण एक लक्षात ठेवू या. सगळे प्रश्न मिळून चुकीचीच गोष्ट विचारत असले, तरी अल्फा उत्तम येऊ शकतो. आकडा सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळली. ती त्या माणसाच्या दुःखाशी जुळली की नाही, हे त्याच्याच बोलीत, त्याच्यासमोर बसून ऐकावं लागतं. दुसऱ्याचा अनुभव आपल्याला पुरता कळणार नाही, कबूल. पण नीट विचारलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याइतका नक्की कळतो.