मूळ वही आणि तिची नक्कल

नागपूरच्या हुडकेश्वर भागांतील एखादें कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. आजीला मुंबईच्या रुग्णालयांत नेमलेल्या दिवशीं पोंचवावयाचें आहे. नातू मोबाईलवर विदर्भ एक्सप्रेस पाहतो. तीन आसनें शिल्लक दिसतात. पैसे भरावयास जावें, तों प्रतीक्षायादी पुढें उभी! घरची मंडळी यंत्रास लबाड ठरवितात. वस्तुतः लबाडी कोणींच केलेली नसते.

रेल्वेच्या आरक्षणाची मूळ वही दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील संगणकांत ठेविली गेली. हीं केंद्रें १९९९ सालीं परस्परांस जोडलीं गेलीं, आणि २००२ पासून घरबसल्या तिकिटें मिळूं लागलीं. पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे. प्रत्येक पाहणाऱ्यासाठीं मूळ वही उघडावयाची म्हटलें, तर सकाळीं १० व ११ वाजतां, तत्काळ तिकिटांच्या झुंबडींत, तिकीट देण्याचें कामच खोळंबेल. म्हणून तिकिटें दाखविणारीं कित्येक संकेतस्थळें आपल्या सर्व्हरवर आंकड्यांची नक्कल बाळगतात व तीच लोकांस दाखवितात.

परंतु नक्कल शिळी होते, आणि ती ताजी करण्यासाठीं चालता प्रोग्राम बंद ठेवतां येत नाहीं. स्टेशनवरील खडूचा फळा घ्या. लोक वाचीत असतां कारकून तो पुसूं लागला, तर एखाद्यास गाडीचें नांव नवें आणि वेळ जुनी, असें भलतेंच वाचावयास मिळेल. शहाणा कारकून दुसरा फळा आंत बसून पुरा लिहितो, तपासतो, आणि मग एका झटक्यांत पहिल्याच्या जागीं टांगतो. सर्व्हरही तेंच करितो: नवी नक्कल बाजूस पूर्ण तयार करावयाची आणि केवळ तिच्याकडे बोट दाखविणारी खूण फिरवावयाची. ज्याचें वाचन अर्ध्यावर असेल, तो जुनीच नक्कल संपवितो. मग ती टाकून देतात. मूळ वहीशीं संबंध तुटला, तर जुना फळा तसाच राहूं द्यावा. मात्र त्यावर लिहिल्याची वेळ असावी. कोरा फळा कोणाच्याच उपयोगाचा नाहीं.

किती वेळानें फळा बदलावा, हें आंकड्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. स्टेशनांच्या नांवांस दिवसाकांठीं एकदां पाहिलें तरी पुरे. शिल्लक आसनांस मिनिटही फार.

पैसे घेतांना मात्र नक्कल चालत नाहीं. तेथें मूळ वहीच उघडावी लागते, आणि एका आसनावर एकाच वेळीं दोन हात पडूं नयेत म्हणून तें आसन क्षणभर अडवून ठेवावें लागतें. नातवास प्रतीक्षायादी दिसली ती ह्याच वहींतून. ‘तीन शिल्लक’च्या शेजारीं, बारीक अक्षरांत, ‘दोन तासांपूर्वीं’ असें लिहिलेलें होतें.