बिरड्याचा रस का फुटला?



तलासरी तालुक्यातील उधव्याहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा तास संपल्यावर मला गाठले. "सर, पाहुणे यायचे म्हणून ताईने वालाचे बिरडे केले. दोन नारळ विकत आणून त्यांचे दूध घातले. ते रटरटा उकळले आणि रस फुटला. खाली पाणी, वर तेल आणि मध्ये पांढऱ्या गुठळ्या! आजी म्हणाली, दृष्ट लागली. शेजारीण म्हणाली, ताईच्या हाताला गुण नाही. ताई बिचारी जेवलीसुद्धा नाही. खरे कारण काय?"

प्रश्न स्वयंपाकघरातला असला तरी उत्तर विज्ञानाचे आहे.

ओले खोबरे वाटून, कोमट पाणी घालून पिळले म्हणजे नारळाचे दूध मिळते. त्यात पाणी आणि तेल दोन्ही असतात. पण तेल आणि पाणी तर एकमेकांत मिसळत नाहीत. मग ते येथे एकत्र कसे नांदतात? या दुधात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरलेले असतात. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील काही भागांएवढाच एकेक थेंब! अशा मिश्रणाला 'पायस' म्हणतात. या असंख्य थेंबांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून दूध पांढरे दिसते.

प्रत्येक थेंबाभोवती खोबऱ्यातील प्रथिनांचे पातळ आवरण असते. या आवरणांवर एकाच जातीचा विद्युत्‌भार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहातच. त्यामुळे थेंब सहसा एकत्र येत नाहीत.

आता बिरडे चुलीवर ठेवा. तापमान सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की ही प्रथिने गोठू लागतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तसाच हा प्रकार. आवरणे बिघडतात. त्यातच उकळीच्या खळबळीने थेंब एकमेकांवर आपटतात, जुळतात आणि मोठे होतात. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर येते. थेंब जितका मोठा, तितका तो लवकर वर चढतो. गोठलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात. यालाच आपण 'फुटणे' म्हणतो.

आमसुलाचा किंवा चिंचेचा आंबटपणाही या कामी हातभार लावतो. आम्लामुळे प्रथिनांवरील भार कमी होतो आणि थेंबांना दूर ठेवणारा जोरच नाहीसा होतो.

मग उपाय काय? वाल आधी पातळ दुधात किंवा पाण्यात नीट शिजवून घ्यावेत. आच मंद करून दाट दूध अगदी शेवटी घालावे. झाकण न ठेवता हलकेच ढवळत राहावे आणि कडेला बुडबुडे दिसू लागताच भांडे उतरवावे. आमसुले घालायची ती त्यानंतर, आणि तीही बेताचीच. चमचाभर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून आधीच रसात शिजवले, तर रस दाट होतो. थेंबांची धावपळ मंदावते व ते सहजासहजी एकत्र येत नाहीत.

एक प्रयोग करा. तीन वाट्यांत थोडे थोडे नारळाचे दूध घ्या. पहिल्यातले तसेच ठेवा. दुसऱ्यातले मोठ्या माणसांच्या मदतीने खळखळून उकळा. तिसऱ्यात आमसुलाचे दाट पाणी घालून ढवळा. तासाभराने तिन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहा आणि काय दिसले ते वहीत टिपून ठेवा. पहिल्या वाटीतही साय वर आलेली दिसेल. ती ढवळल्यावर पुन्हा मिसळते का, तेही पाहा.

आणखी एक गंमत. कोकणात नारळाचे दूध मुद्दाम आटवून घरच्या घरी तेल काढतात. तेथे दूध फुटावे म्हणूनच खटपट असते! म्हणजे एका भांड्यात जी फजिती, तीच दुसऱ्या भांड्यात सिद्धी. नियम मात्र दोन्हीकडे एकच.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "फुटलेले बिरडे दिसायला वाईट, पण खायला काहीच हरकत नाही. ताईला सांग, दोष तिच्या हाताचा नव्हता, दृष्टीचा तर नव्हताच. आच तेवढी जास्त झाली."

पुढच्या सोमवारी तो डबा घेऊन आला. रस दुधासारखा एकजीव होता!