रक्ताची उगवण

गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेला मी गैरहजर होते. त्याचे कारण तेव्हा वर्गात नीट सांगता आले नाही, ते येथे सांगते. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि मुंबईत तपासणी झाली तेव्हा माझ्या पेशी त्याच्याशी जुळल्या. सख्ख्या भावंडांत असा पूर्ण मेळ बसण्याचा संभव चारांत एक. पारनेर तालुक्यातील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून डॉक्टरांचे बोलणे आई-दादांना समजावून सांगणेही माझ्याकडेच आले.

रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते. तेथील मूलपेशी हे त्याचे बियाणे. तीव्र औषधांनी रोग्याची जुनी मज्जा मोडून काढतात, मग दात्याच्या मूलपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. त्या आपण होऊन हाडांत जाऊन रुजतात. याचे मला अजून नवल वाटते!

भारतात असे पहिले प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. तेव्हा मज्जा दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने ओढून काढीत. माझ्यावर ती वेळ आली नाही. मला जी-सी-एस-एफ या वृद्धिघटकाची इंजेक्शने दिली. पांढऱ्या पेशी वाढवा, असा मज्जेला निरोप देणारे हे प्रथिन आपल्या शरीरातही असते. अमेरिकेत १९९१ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. चार-पाच दिवस ते घेतले की मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात आणि यंत्राने वेगळ्या काढता येतात. कंबर मात्र अशी ठणकते, की त्यापेक्षा दिवसभराची कांदेलावण बरी.

नंतर भावालाही तेच औषध सुरू झाले. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, पण रक्तात त्यांचे आयुष्य जेमतेम दिवसाचे. मज्जा थांबली की त्या आधी संपतात. भावाचा आकडा शून्यावर आला, ताप चढला. दादांनी विचारले, "एकाऐवजी दोन सुया दिल्या तर?" मी म्हटले, "दादा, दुप्पट युरिया टाकून कांदा निम्म्या दिवसांत येतो का?" ते काही बोलले नाहीत.

खरे तेच होते. या औषधाने पांढऱ्या पेशी काही दिवस लवकर येतात. पेशी रुजल्याच नाहीत तर ते काही करू शकत नाही, आणि रोग उलटण्याचे भयही त्याने टळत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सवर तर त्याचा उपयोगच नाही.

न्यूट्रोफिल सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले, म्हणजे पेशी रुजल्या असे धरतात. सोळाव्या दिवशी ५४० आले, मग ७८०, मग १,१००. आईने घरी जायची पिशवी भरली. मी ती पुन्हा रिकामी केली. प्लेटलेट्स वर यायला आणखी दहा दिवस लागले. तोवर गावाकडचे दोघे चुलतभाऊ आळीपाळीने त्या द्यायला मुंबईस येत होते.