शफ आणि हूफ

घोडा पायाच्या मधल्या एकाच बोटावर उभा असतो; त्या बोटाला वेढणारे कठीण नख म्हणजे टाप. गायीची दोन बोटे टेकतात, म्हणून तिचा खूर दुभंगलेला. इंग्रजीत दोहोंना 'हूफ' हा एकच शब्द. तो परका मानून आपण पाठ करतो. वस्तुतः संस्कृत 'शफ' हा त्याचा सख्खा भाऊ होय. गायीच्या चार पायांचे दुभंगलेले खूर आठ, म्हणून वेदभाषेत शफ म्हणजे अष्टमांशही. 'पादा'पासून आलेला आपला 'पाव' त्याच हिशेबातला. इंग्रजांनी हा शब्द गुरांच्या बाजारात राबविला. कत्तलीपूर्वी जिवंत विकलेले जनावर 'ऑन द हूफ' विकले गेले; पुढे पूर्वविचाराविना, चालता चालता घेतलेला निर्णयही 'ऑन द हूफ' ठरला. पायी जाणे 'हूफ इट', आणि अमेरिकेत व्यावसायिक नर्तक 'हूफर', विशेषतः टॅप-नृत्य करणारा. या 'टॅप'चे आपल्या 'टापे'शी नाते मात्र कोणी जोडू नये. ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे.