रग्बीतील स्क्रम : आठ पाठींचे एक बळ

शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांच्या शेजारी आता रग्बीचेही नाव आले आहे. आज ना उद्या आपल्या मुलामुलींपैकी कोणी हा खेळ निवडेल. मात्र दूरचित्रवाणीवर रग्बी प्रथमच पाहणाऱ्या पालकाला त्यातील एक दृश्य हमखास धास्तावून सोडते. दोन्ही बाजूंचे धिप्पाड खेळाडू खाली वाकतात, एकमेकांच्या खांद्यांत डोकी घालतात आणि टकरीला उभ्या केलेल्या रेड्यांसारखे एकमेकांना रेटू लागतात. यालाच स्क्रम म्हणतात. वरवर ती झोंबाझोंबी दिसते. वस्तुतः या खेळातील सर्वांत काटेकोर रचना तीच आहे. ती समजली, म्हणजे भीती कोठे बाळगावी आणि कोठे बाळगू नये, हेही समजते.

रग्बीत चेंडू हातात घेऊन पळता येते. परंतु हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. चेंडू पुढे फेकला गेला किंवा हातातून निसटून पुढे पडला, की पंच खेळ थांबवतात. चूक किरकोळ असल्याने स्क्रम लावून खेळ पुन्हा सुरू केला जातो आणि चेंडू आत टाकण्याचा हक्क चूक न करणाऱ्या संघाला मिळतो. पंधरा-पंधरांच्या सामन्यात तीसपैकी सोळा खेळाडू या एका ठिकाणी गुंततात. साहजिकच उरलेले मैदान मोकळे होते आणि चेंडू बाहेर येताच वेगवान खेळाडूंना धावायला जागा मिळते.

प्रत्येक बाजूचे आठ जण तीन ओळींत उभे राहतात. पहिल्या ओळीत तिघे असतात. कडेच्या दोघांना प्रॉप, म्हणजे टेकू म्हणतात, मधला हुकर. डावीकडच्या प्रॉपचे डोके एका बाजूने मोकळे असते. उजवीकडच्या प्रॉपचे डोके मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या दोन खेळाडूंमध्ये जाते आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर दाब येतो. म्हणून ती जागा सर्वांत कष्टाची मानली जाते. दुसऱ्या ओळीतील दोन लॉक आपली डोकी हुकर आणि प्रॉप यांच्या मांड्यांमधल्या फटींत घालून खांद्याने पुढच्यांना रेटतात. दोन्ही कडांना फ्लँकर बिलगतात आणि सर्वांच्या मागे, दोन लॉकच्या मध्ये, आठव्या क्रमांकाचा खेळाडू असतो. दोन्ही संघांच्या पहिल्या ओळी भिडल्या, की त्यांच्या पायांमध्ये एक बोळ तयार होते. स्क्रम-हाफ नावाचा नववा खेळाडू त्या बोळीत चेंडू टाकतो, हुकर पायाच्या आकडीने तो मागे ओढतो आणि पायांपायांतून चेंडू शेवटच्या खेळाडूपर्यंत पोहोचतो.

आता हे बळ येते कोठून? पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडी चाकापर्यंत रुतली, म्हणजे काय होते ते आठवावे. दहा माणसे दहा वेळा स्वतंत्र धक्के देतात, तोवर गाडी जागची हलत नाही. सर्वांनी पाय रोवून एकाच हाकेला रेटले, की ती चिखलातून निघते. स्क्रमचे शास्त्र हेच आहे. जोर निर्माण होतो तो पायांत. पाय जमिनीला मागे ढकलतात आणि जमीन तितक्याच बळाने खेळाडूला पुढे ढकलते. ते बळ मांड्यांतून कमरेत, कमरेतून सरळ ठेवलेल्या पाठीत आणि पाठीतून पुढच्याच्या शरीरात जाते. पाठ वाकली, की बळ तेथेच फुटते. म्हणूनच गुडघे वाकलेले, पाठ सपाट आणि खांदे कमरेच्या पातळीखाली न गेलेले, अशी शरीराची ठेवण सांगितलेली आहे. आठ बलदंड पण विस्कळीत खेळाडूंना आठ हलके परंतु एकजीव खेळाडू मागे सारू शकतात, ते यामुळेच.

हेच बळ चुकीच्या जागी गेले, तर घातक ठरते. स्क्रम कोसळून पुढच्या खेळाडूचे डोके जमिनीवर आपटले आणि मागून रेटा चालूच राहिला, तर मानेच्या मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या ओळीत केवळ प्रशिक्षित खेळाडूंनीच उभे राहावे, असा नियम आहे. असे खेळाडू उपलब्ध नसतील, तर न रेटता स्क्रम लावला जातो. पूर्वी दोन्ही संघ अंतर ठेवून एकमेकांवर आदळत. 2013 पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’ हे हुकूम आले : आधी वाकायचे, मग प्रतिस्पर्ध्याला धरायचे आणि त्यानंतरच भिडायचे. त्यामुळे आदळण्याचा जोर घटला. एकोणीस वर्षांखालील खेळात स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक पुढे रेटता येत नाही. 2016 पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या सात-सातांच्या प्रकारात तर प्रत्येक बाजूचे तीनच खेळाडू स्क्रममध्ये असतात.

या नियमांच्या इतिहासातील एक शब्द आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2007 पासून काही वर्षे पंचांच्या हुकमांत ‘टच’ हा शब्द होता. प्रॉपने हात पुढे करून समोरच्याच्या खांद्याला स्पर्श करायचा आणि अंतर जोखायचे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्पर्शाचा विटाळ सोसला, त्याला या हुकमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातील थोर फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्याच्या हिंदू संघात खेळताना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. क्रिकेटमध्ये हे चालू शकले, कारण स्पर्श टाळूनही चेंडू टाकता येतो. स्क्रममध्ये ते अशक्य आहे. शेजाऱ्याच्या काखेतून हात घालून त्याला घट्ट धरल्याशिवाय तेथे उभेही राहता येत नाही. मागच्याचा खांदा आपल्या शरीराला टेकतो, तेव्हाच आपला जोर पूर्ण होतो. आपली कबड्डीची साखळीही याच जातीची आहे.

रग्बी भारतात आली ती साहेबांबरोबर. कोलकात्यात 25 डिसेंबर 1872 रोजी सामना झाल्याची नोंद आहे. मुंबईत या खेळाचे केंद्र ठरलेल्या, 1875 साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे दरवाजेही आरंभी भारतीयांना बंद होते. परंतु 2007 साली लंडनमधील चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली, ती भुवनेश्वरच्या कलिंग सामाजिक विज्ञान संस्थेतील आदिवासी मुलांनी. तीही निवासी शाळाच. एका ताटात जेवणाऱ्या, एका खोलीत झोपणाऱ्या मुलांना एकमेकांवर विसंबण्याची सवय असते. ती सवय या खेळात मोठे भांडवल ठरते.

तथापि केवळ उत्साहाने स्क्रम लावू नये. आधी शिक्षकाने प्रशिक्षण घ्यावे. मुलांची मान, खांदे आणि पाठ व्यायामाने तयार करावी. तिघा-तिघांनी, न रेटता, धरण्याचा आणि वाकण्याचा सराव करावा. रेटणे सर्वांत शेवटी. पालकांनीही ‘खेळ धोक्याचा आहे का?’ एवढेच न विचारता ‘शिकवणारा प्रशिक्षित आहे का?’ हे आवर्जून विचारावे. बाबासाहेबांनी दिलेल्या त्रिसूत्रीत शिक्षणाचा क्रम संघटनेच्या आधी लागतो. स्क्रमच्या बाबतीत तर त्या क्रमावर मुलाची मान अवलंबून असते.