घरचे वडीलधारे माणूस वाट चुकते तेव्हा

मागच्या आठवड्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. आई घरातून निघून गेली होती आणि दोन तासांनी वाडीच्या खालच्या ओढ्यापाशी सापडली होती. पायाला खरचटले होते, तोंडाला कोरड पडली होती, बाकी ठीक होते. तिला तपासून झाल्यावर मुलगाच रडू लागला. "डॉक्टर, मी फक्त पाच मिनिटं फोनवर बोलत होतो हो!" फोनवर कोण होते हे मी विचारले नाही. साखरपुडा होऊन महिनाच झालेला. त्याचा चेहराच सांगत होता.

त्याला मी माझीच एक गोष्ट सांगितली. तीस वर्षांत ती मी फार थोड्यांना सांगितली आहे. आज ती वाचकांपुढे ठेवतो, कारण तिच्यात घराघराने शिकण्यासारखे काही आहे.

सन १९९४, मे महिना. पौडला आमच्या मामेबहिणीचे लग्न होते, गोरज मुहूर्तावर. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभी नोकरी त्यांनी कोळवण खोऱ्यातल्या शाळांतून केली. वर्षभर त्यांचे काहीतरी बिनसले होते. तीच गोष्ट चारचारदा विचारायचे. बाजाराला गेले की पिशवी विसरायचे, एकदा तर घरची गल्लीच विसरले. मी म्हणायचो, "वय झालं." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मांडवात आईने मला बजावले, "मी आत बायकांत आहे. दादांकडे लक्ष असू दे." मी त्यांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवले आणि अक्षता वाटायला लागलो. दुसरे तबक नवरीच्या मैत्रिणीच्या हातात होते. ती शिक्षिका होती.

"डॉक्टर, हात बघता का?" तिने विचारले.

"हात ज्योतिषी बघतात. आम्ही नाडी बघतो."

"मग नाडी बघा."

"त्याची फी पडते."

"आमचा पगार वेळेवर होत नाही. उधारी चालेल?"

मी ऐटीत तिच्या मनगटावर बोटे ठेवली आणि म्हणालो, "जरा जलद चालली आहे."

"अंगठा काढा आधी," ती म्हणाली. "अंगठ्यानं पाहिलं तर स्वतःचीच नाडी लागते. आमच्या मुलांना प्रथमोपचारात शिकवतो आम्ही."

मी हसत मागे वळलो, आणि पाहतो तो दादांच्या खुर्चीवर दोन पोरे बसून भांडत होती.

पुढचा दीड तास मी विसरू शकत नाही. संडास, मागचे परसू, विहीर, स्वयंपाकाची जागा सगळे पाहिले. लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला. काही मंडळी मुळा नदीकडे धावली. मी एसटी स्टँडवर दोनदा जाऊन आलो. मंगलाष्टके थांबली होती आणि दिवस बुडत चालला होता. आई एका खांबाला धरून नुसती उभी होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

तेव्हा त्या शिक्षिकेने मला थांबवून एकच प्रश्न विचारला. "ते कुठे गेले असतील ते सोडा. सकाळपासून ते काय म्हणत होते?"

मला आठवले. "शाळेला उशीर होतोय, असं तीनदा म्हणाले. मी म्हटलं, दादा, तुम्ही निवृत्त झालात."

"शाळा कुठली?"

नवरीच्या काकांची जीप घेऊन आम्ही कोळवणच्या रस्त्याला लागलो. काका, त्यांचा मुलगा, ती आणि मी. बॅटरीचा झोत टाकत, "दादा, ओ दादा" अशा हाका मारत पाचसहा किलोमीटर गेलो. उत्तर नाही. परत फिरलो. वाटेत एका वळणावर तिने जीप थांबवायला लावली, खाली उतरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुजी! घंटा झाली. मुलं वर्गात बसलीत."

रस्त्याखालच्या ओघळीत करवंदीची जाळी हलली. "आलो, आलो," असा आवाज आला.

जाताना आम्ही त्याच जागेवरून हाका मारीत गेलो होतो. दादांनी त्या ऐकल्या असणार, पण ते त्या वेळी कुणाचे 'दादा' नव्हतेच, शाळेला निघालेले तरुण गुरुजी होते. हातापायांना काटे लागले होते आणि मुठीत लग्नाच्या अक्षता तशाच होत्या.

हे होते कशामुळे?

वाचकहो, ज्याला आपण 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेतो, तो पुष्कळदा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया असतो. ते म्हातारपण नव्हे, मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या आजाराची पहिली रुग्णकथा सहकाऱ्यांपुढे मांडली. ती रुग्ण स्त्री दवाखान्यात आली तेव्हा जेमतेम ५१ वर्षांची होती. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडला गेला. तेव्हा हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत काढून टाका.

मेंदूत नव्या आठवणी साठवणारा आणि वाटा लक्षात ठेवणारा भाग अल्झायमरमध्ये लवकर बिघडतो. जुन्या आठवणी पुष्कळ काळ शाबूत राहतात. त्यामुळे आज सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची शाळा, शेत, गोठा डोळ्यांसमोर लख्ख असतो. माणूस त्या काळात राहू लागतो आणि तिथले काम करायला निघतो. बाईला संध्याकाळी गाईची धार काढायची असते, शेतकऱ्याला खाचराचे पाणी बघायचे असते. आपल्याला ते भटकणे वाटते. त्यांच्या दृष्टीने ते कामाला निघालेले असतात. दिवस मावळताना ही घालमेल अनेकांत वाढते, आणि लग्न, जत्रा, परके घर अशा ठिकाणी जास्तच.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे, पैशांचा हिशेब न जमणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, हे साधे नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना दाखवाच. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेले रक्त, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपाय आहेत. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. काही गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फायदा होतो. कालपर्यंत चांगला असलेला माणूस एकदोन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर मात्र त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातली साखर किंवा सोडियम कमी होणे अशी कारणे त्यामागे असू शकतात.

माणूस दिसेनासे झाले तर

पहिले काही तास सर्वांत मोलाचे. आधी घर, माळा, गोठा, संडास, परसू धुंडाळा. लगेच विहीर, ओढा, तळे, कालवा बघा. एक माणूस घरीच थांबवा, कारण ते आपणहून परतही येतात.

पोलिसांना ताबडतोब कळवा. चोवीस तास थांबावे लागते हा निव्वळ गैरसमज आहे, असा कायदा नाही. ११२ या क्रमांकावर फोन करता येतो. अंगावरचे कपडे, शेवटचे कुठे दिसले, किती वाजता, आणि विस्मरणाचा आजार आहे, हे स्पष्ट सांगा. अलीकडचा फोटो द्या. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. एसटी स्टँड, रिक्षा थांबा, चहाची टपरी इथे माणूस पाठवा.

शोध मनाच्या दिशेने घ्या. काल-आज ते काय बोलत होते? जुने घर, माहेर, शेत, नोकरीची जागा कुठल्या बाजूला? स्मृतिभ्रंशाचा माणूस बहुधा वाट अडेपर्यंत सरळ चालत राहतो आणि मग झुडपात, ओघळीत, कुंपणापाशी अडकतो. हाकेला ओ देईलच असे नाही. म्हणून नुसत्या हाका मारीत पुढे जाऊ नका. थांबून झुडपांत बघा, आणि ज्या नावाने त्यांना तरुणपणी हाक मारीत, त्या नावाने बोलवा.

सापडल्यावर रागावू नका. मागून धरू नका, समोरून सावकाश जा. "कुठे गेला होता?" असे विचारण्यापेक्षा "चला, चहा घेऊ" म्हणा. पूर्ण शुद्धीत असतील तरच बसवून घोटघोट पाणी द्या, आणि डॉक्टरांना दाखवा. मग पोलिसांना आणि गटावर सापडल्याचे कळवायला विसरू नका.

आधीच करायच्या गोष्टी

सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर शिवून घ्या. खिशातली चिठ्ठी हरवते, शिवलेले राहते. दाराला घुंगरू बांधा. शेजारी, किराणा दुकानदार, एसटीचे नेहमीचे वाहक यांना आजार सांगून ठेवा. त्यात लाज कसली? कुलूप लावून त्यांना एकटे कोंडून मात्र कधीही जाऊ नका. आग लागली, घेरी आली, तर बाहेर पडता येत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे, तिथे सल्ला मिळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाळी. गर्दीत 'सगळ्यांचे लक्ष आहे' म्हणजे कुणाचेच नसते. ज्याच्याकडे काम आहे त्याने हलायच्या आधी दुसऱ्याला तोंडाने सांगायचे, "आता तू बघ." दुसऱ्याने म्हणायचे, "हो, आता मी बघतो." हे उत्तर कानावर पडेपर्यंत जागा सोडायची नाही. साधी गोष्ट आहे, पण त्या दिवशी मांडवात दोनशे माणसे असून मी ती कुणालाच सांगितली नाही.

कित्येक वर्षे मी त्या नाडीच्या थट्टेला दोष देत होतो. लग्नानंतर तिने एकदा दादांच्या तब्येतीची चौकशी करणारे पत्र पाठवले. मला इतकी शरम वाटत होती, की मी उत्तरच दिले नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. दादा १९९९ साली गेले. ती पाच वर्षे मी कुठल्या समारंभाला गेलो नाही, कुणाशी मोकळे हसलो नाही. त्याने दादांचा आजार तिळभरही कमी झाला नाही. उलट मीच चिडका झालो, आणि ती चिडचिड मी दादांवरच काढली. शेवटी आईच म्हणाली, "तू हसलास म्हणून ते गेले नाहीत रे. वर्षभर ते सांगत होते, आपण ऐकत नव्हतो." मग आम्ही चुलतभावांत वार वाटून घेतले, आणि घरात पुन्हा जरा बोलणे-चालणे सुरू झाले.

आजारी माणसाची सेवा करणाऱ्यानेही हसावे, बोलावे, झोपावे. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणे एका माणसाला जमत नाही, आणि ते जमत नाही हा गुन्हा नव्हे. माझी चूक हसण्यात नव्हती. आजाराला आजार न म्हणण्यात होती, आणि पाळी न सोपवण्यात होती.

त्या तरुणाला मी आईसाठी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. जाताना त्याने विचारले, "मग मी तिच्याशी बोलायचंच नाही का?" मी म्हटले, "अरे, रोज बोल. फक्त त्याआधी बहिणीला सांग, आता तू बघ. आणि ती 'हो' म्हणाली की मगच नंबर लाव."